वैयावच्च फक्त सुनेनेच करायची का?



चातुर्मास जवळ आला की आपल्या मंडळात तपाची यादी निघते. कोणाची अठ्ठाई, कोणाचं मासखमण, कोणाची आयंबिलाची ओळी, कोणाचं वर्षीतप चालू. नावं फळ्यावर लागतात, पारण्याला बहुमान होतो, आणि तो व्हायलाच हवा. उपास करणं सोपं नाही. पण बारा तपांपैकी एक तप असं आहे की त्याचं नाव फळ्यावर कधी लागलेलं मी पाहिलं नाही. सहा बाह्य तपं आणि सहा आभ्यंतर तपं आपण लहानपणी पाठ केली. आभ्यंतर तपांत प्रायश्चित्त आणि विनय यांच्यानंतर तिसरं येतं वैयावृत्य. आपल्या बोलीत वैयावच्च. म्हणजे सेवा. आजाऱ्याची, म्हाताऱ्याची, दमलेल्याची, नवख्याची.

ज्या घरात कोणी अंथरुणाला खिळलेलं आहे, त्या घरची बाई फळ्यावर नसते आणि व्याख्यानालाही नसते. "हल्ली दिसत नाही" असं आपण म्हणतो. ती मात्र मनात म्हणते, माझा धर्म मागे पडला. किती जणींनी मला हे विचारलंय: "ताई, सामायिकाला बसलं की आतल्या खोलीतून हाक येते. उठलं तर सामायिक मोडतं, बसून राहिलं तर चित्त लागत नाही. आमचा धर्म बुडाला का हो?"

प्रश्न साधा वाटतो, पण जगभरच्या विचारवंतांनी यावर पुस्तकं लिहिली आहेत. मी पडले बी.कॉम. आयुष्य दुकानाच्या वह्या आणि घराचा हिशेब यांत गेलं. पण मुलगी तत्त्वज्ञान घेऊन एम.ए. झाली, तिची पुस्तकं घरात राहिली, आणि दुपारच्या निवांत वेळी मी ती हळूहळू वाचत गेले. वाचताना सारखं वाटायचं, अरे, हे तर आपल्या स्वयंपाकघरातलंच चाललंय.

पाश्चात्त्य देशांत बराच काळ नीतीचे दोनच प्रश्न मोठे मानले गेले. एक, नियम काय सांगतो? दुसरा, परिणाम काय होईल, जास्तीत जास्त लोकांचं भलं कशात आहे? माझ्या भाषेत सांगायचं तर पहिला ऑडिटरचा प्रश्न आणि दुसरा नफा-तोट्याचा. दोन्ही लागतात. पण त्याच्या कितीतरी आधी, सव्वादोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी, ग्रीसमधला अॅरिस्टॉटल तिसराच प्रश्न विचारून गेला होता: माणूस कसा आहे, आणि तो तसा घडला कसा? त्याचं उत्तर आपल्याला ओळखीचं वाटेल. भिंती बांधून बांधून माणूस गवंडी होतो, वाद्य वाजवून वाजवून वादक होतो, तसं न्यायाची कामं करून करून न्यायी होतो. गुण पोटातून येत नाही, सवयीने अंगी बाणतो. ही सद्गुणांची नीती. मधल्या काळात ती मागे पडली होती. १९५८ साली एलिझाबेथ अँस्कम या इंग्लंडमधल्या विदुषीने एक निबंध लिहिला आणि विचारवंतांचं लक्ष पुन्हा तिकडे वळलं. आपल्याकडे ती कधी मागे पडलीच नव्हती. क्षमा, मार्दव, आर्जव असे दहा धर्म आपण मोजतो ते नियम नाहीत, गुण आहेत. आणि क्षमा एकदा संवत्सरीला मागून संपत नाही, वर्षभर करावी लागते, हे आपल्यालाही ठाऊक आहे.

दुसरा धागा बायकांनी आणला. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात लॉरेन्स कोहलबर्ग नावाचे मानसशास्त्रज्ञ होते. माणसाची नैतिक समज कशी वाढते याच्या त्यांनी सहा पायऱ्या ठरवल्या. तो अभ्यास त्यांनी केला होता ८४ मुलांवर, आणि सगळे मुलगेच. मग त्या फूटपट्टीवर मुली आणि बायका तिसऱ्या पायरीवर अडकलेल्या दिसायला लागल्या. त्यांच्याबरोबर काम केलेल्या कॅरोल गिलिगन यांनी विचारलं, बायका मागे आहेत की फूटपट्टीच अपुरी आहे? १९८२ साली त्यांचं 'इन अ डिफरंट व्हॉइस' हे पुस्तक आलं.

त्यातला एक प्रसंग मी मंडळातही सांगितला होता. एका माणसाची बायको मरणाच्या दारात आहे. औषध आहे, पण औषधवाला अवाच्या सवा किंमत सांगतो. नवऱ्याने औषध चोरावं का? अकरा वर्षांचा मुलगा म्हणतो, चोरावं, कारण पैशापेक्षा जीव मोठा. गणित सुटलं. अकरा वर्षांची मुलगी म्हणते, चोरू नये, पण बायको मरताही कामा नये. चोरी केली, तो तुरुंगात गेला आणि ती पुन्हा आजारी पडली, तर तिच्याकडे बघणार कोण? औषधवाल्याशी नीट बोलावं, पैसे उसने घ्यावेत, काहीतरी वाट काढावी. जुन्या फूटपट्टीवर मुलीला गुण कमी. गिलिगन म्हणाल्या, ही मुलगी गोंधळलेली नाही. ती नात्यांकडे बघून विचार करतेय. उद्या सकाळी त्या आजारी बाईजवळ कोण असेल, हा तिचा प्रश्न आहे.

याला काळजीची नीती म्हणतात. आपल्या मराठीत काळजी या एका शब्दात चिंताही आहे आणि जपणंही. पण एक धोका त्याच वेळी दिसला. काळजी हा बायकांचा आवाज असं म्हटलं की घरातले पुरुष लगेच म्हणणार, मग तुम्हीच करा! म्हणून जोन ट्रोंटो यांनी १९९३ साली आपल्या पुस्तकात बजावलं की काळजीला बायकांची नीती म्हणू नका, ते माणसाचं काम आहे. त्यांनी त्याच्या चार पायऱ्या सांगितल्या. कोणाला काय हवंय ते लक्षात येणं. ते आपण करू अशी जबाबदारी घेणं. प्रत्यक्ष हातांनी करणं, आणि नीट करणं. आणि चौथी, ज्याच्यासाठी केलं त्याला ते पोचलं का, हे बघणं.

ही चौथी पायरी वाचली तेव्हा मला कल्पसूत्र आठवलं. पर्युषणात आपण दरवर्षी ऐकतो. प्रभू त्रिशलामातेच्या गर्भात होते. आपल्या हालचालीने मातेला त्रास नको म्हणून ते निश्चल झाले. केवढी करुणा! पण मातेला वाटलं, गर्भाला काही झालं की काय, आणि ती शोकात बुडाली. प्रभूंनी ज्ञानाने ते जाणलं, किंचित हालचाल केली, आणि मातेच्या जिवात जीव आला. तेव्हाच त्यांनी ठरवलं की आईवडील असेपर्यंत दीक्षा घेणार नाही. पुढे मातापिता गेल्यावर मोठे भाऊ नंदीवर्धन यांच्या आग्रहाखातर आणखी दोन वर्षं ते थांबले आणि तिसाव्या वर्षी दीक्षा घेतली. ज्यांना सगळं सोडून जायचंच होतं, त्यांनीही मातेला काय पोचतंय ते पाहिलं आणि तिच्यासाठी थांबले. मग आजारी माणसापायी जिचं व्याख्यान चुकतं, तिचा धर्म बुडाला असं कोण म्हणेल?

आता आमच्या भागातलीच एक गोष्ट. आम्ही राहतो ते कासू आणि विनोबा भाव्यांचं जन्मगाव गागोदे, दोन्ही पेणच्या परिसरातली. ११ सप्टेंबर १८९५ ला विनोबांचा जन्म गागोद्याला झाला. भूदानासाठी सगळा देश त्यांना ओळखतो. आपल्याला त्यांची आणखी एक ओळख हवी. भगवान महावीरांच्या २५०० व्या निर्वाण वर्षात, १९७४ साली, श्वेतांबर-दिगंबर सगळ्या आम्नायांच्या साधूंनी आणि विद्वानांनी एकत्र बसून 'समणसुत्तं' हा ७५६ गाथांचा ग्रंथ मान्य केला. त्यामागे विनोबांचा ध्यास होता, आणि संकलनाचं काम जिनेंद्र वर्णी यांनी केलं. १९८२ च्या नोव्हेंबरात विनोबांनी अन्न, पाणी आणि औषध थांबवलं आणि १५ तारखेला, दिवाळीला, म्हणजे प्रभूंच्या निर्वाणदिनी, पवनारला देह ठेवला. गिलिगन यांचं पुस्तक आलं तेही हेच वर्ष.

पण मला सांगायचंय ते त्यांच्या आईबद्दल, रुक्मिणीबाईंबद्दल. विनोबा आयुष्यभर आईच्या गोष्टी सांगत राहिले.

गागोद्याच्या घरी फणस होता. फणस पिकला की आई तो फोडायची, गरे द्रोणांत भरायची, आणि मुलांना म्हणायची, आधी घरोघर देऊन या. सगळ्यांना पोचले की मग मुलांना बसवून खायला द्यायची. जो देतो तो देव आणि जो राखून ठेवतो तो राक्षस, अशी ती शब्दांची गंमत करायची. मैत्रिणींनो, यात द्रोण कोणाच्या हातात होते ते बघा. आई स्वतः जाऊन वाटून येऊ शकली असती. कामही लवकर झालं असतं. पण तिने ते लहान विन्याच्या हातात दिले. पिकल्या फणसाचा वास नाकात, आणि पाय शेजारच्या दाराकडे. गुण सवयीने लागतो तो असा.

दुसरी गोष्ट. शेजारची बाई गावाला गेली की आई त्यांच्या घरचा स्वयंपाक करून द्यायची. पण आधी आपल्या घरचा उरकायची आणि मग त्यांच्याकडे जायची. विन्याने चिडवलं, तू स्वार्थी आहेस, आधी आपलं बघतेस. आई हसली आणि म्हणाली, वेडा रे, त्यांचं आधी केलं तर त्यांना जेवायच्या वेळी गार मिळेल. बाहेरून बघणाऱ्याला क्रम दिसतो, आधी कोण आणि मग कोण. तिला त्या माणसाचं ताट दिसत होतं. ट्रोंटोबाईंची चौथी पायरी ही!

तिसरी माझ्या हिशेबी डोक्याला लागलेली. आईने देवाला लाख तांदूळ वाहायचा संकल्प केला आणि रोज एकेक दाणा मोजू लागली. वडील म्हणाले, एक तोळा तांदूळ घे, दाणे मोज, त्यावरून लाखाचं वजन काढ, थोडे जास्त घाल म्हणजे कमी पडायला नकोत. बी.कॉम.च्या पेपरात या उत्तराला पैकीच्या पैकी गुण मिळतील. आईला उत्तर सुचलं नाही, तिने संध्याकाळी मुलाला विचारलं. विन्या म्हणाला, हे गणित नाही, प्रत्येक दाण्याला देवाची आठवण आहे. आजाऱ्याच्या सेवेलाही हे लागू आहे. चार चमचे पेज भरवायला चाळीस मिनिटं लागतात. नफा-तोट्याच्या खात्यात ती चाळीस मिनिटं वाया गेली. पण त्या माणसाला तेवढा वेळ कोणीतरी आपल्याकडे बघत होतं.

आमच्या घरी सासूबाई सहा वर्षं अंथरुणावर होत्या. अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली, वाचा गेली. समज मात्र होती. त्यांचा जन्मभराचा चौविहार. सूर्यास्तानंतर पाण्याचा थेंब नाही. आणि डॉक्टरांनी रात्री नऊची गोळी लिहून दिली. गोळी पुढे केली की सासूबाई ओठ घट्ट मिटून घ्यायच्या. भेटायला येणाऱ्यांत दोन पक्ष पडले. एक म्हणे, त्यांना काय कळतंय, पाण्यात विरघळवून द्या. दुसरा म्हणे, काही झालं तरी नियम मोडू नका, पाप तुमच्या माथी येईल. दोन्ही पक्ष माझ्याशी बोलत होते. सासूबाईंशी कोणी बोलत नव्हतं.

मी त्यांचा डावा हात हातात घेतला आणि सांगितलं, होय असेल तर एकदा दाबा, नको असेल तर दोनदा. ते जमायला दोन दिवस गेले. मग एकेक विचारत गेले. त्यांना औषध हवं होतं, पण नियमही हवा होता. डॉक्टरांना जाऊन भेटले, गोळ्यांचा कागद पुढे ठेवला, सूर्यास्ताच्या वेळा सांगितल्या. भले माणूस होते, त्यांनी तीनपैकी दोन गोळ्या संध्याकाळी साडेपाचला बसवून दिल्या. एक मात्र रात्रीच द्यायला हवी होती. त्या दिवसांत पेणला साध्वीजी विराजमान होत्या. त्यांच्याकडे गेले तेव्हा त्यांनी शांतपणे समजावलं की आपल्या पच्चक्खाणातच आगार सांगितलेले आहेत. आपण रोज ते म्हणतो, पण अर्थाकडे लक्ष जात नाही. त्यात सर्वसमाधीचा आगार आहे. दुखण्याने समाधी ढळत असेल, तर औषधापुरती मोकळीक पच्चक्खाण घेतानाच ठेवलेली असते. ती घेतल्याने पच्चक्खाण मोडत नाही.

घरी येऊन सासूबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी डोळे मिटले, बऱ्याच वेळाने माझा हात एकदा दाबला. त्या रात्री उकळलेल्या पाण्याच्या दोन चमच्यांबरोबर गोळी घेतली. नंतर कानाशी नवकार म्हणायचा हे आमचं ठरून गेलं.

तेव्हापासून मी नियम आणि काळजी यांना एकमेकींच्या विरुद्ध बसवत नाही. ज्या आचार्यांनी पच्चक्खाण बांधलं, त्यांना आजारी माणूस माहीत होता. नियमाच्या पोटातच त्यांनी त्याच्यासाठी जागा ठेवली. ती शोधायला मात्र माणसाजवळ बसावं लागतं.

आता मूळ मुद्दा. ही सेवा फक्त सुनेनेच का करायची? "बायकांना उपजतच येतं" असं म्हणतात. मला काही उपजत येत नव्हतं. कूस बदलताना खांदा कसा धरायचा, पाठीला जखम होऊ नये म्हणून दर दोन तासांनी कसं वळवायचं, भरवताना मान किती उचलायची म्हणजे ठसका लागत नाही, हे मी शिकले. शिकले म्हणजे करून करून शिकले. जे शिकून येतं ते पुरुषालाही येतं.

आपल्या शास्त्रात तर वैयावच्चाचा आदर्श म्हणून जी गोष्ट सांगतात ती एका पुरुषाची आहे. नंदीषेण मुनी. आजारी साधूंच्या सेवेचा त्यांनी अभिग्रह घेतला होता. देव परीक्षा बघायला आजारी साधूचं रूप घेऊन आला. शिव्या दिल्या, खांद्यावर घेतल्यावर अंग घाण केलं. नंदीषेणांच्या मनात एवढंच होतं की याला आराम कसा पडेल. प्रभूंनी गौतमस्वामींना सांगितल्याची गोष्टही आपण ऐकतो, की आजाऱ्याची सेवा करणारा माझीच सेवा करतो. आणि उत्तराध्ययन सूत्रात वैयावच्चाचं फळ म्हणून तीर्थंकर नामगोत्र सांगितलंय. यात कुठेही "सुनेने" असा शब्द नाही!

विनोबांकडे पुन्हा बघा. द्रोण वाटणारा तो मुलगा मोठा होऊन रोज खांद्यावर फावडं घेऊन पवनारजवळच्या सुरगावात मैला साफ करायला जात होता. त्यांचे सहकारी मनोहरजी दिवाण यांनी १९३६ साली वर्ध्याजवळ दत्तपूरला कुष्ठरोग्यांची सेवा सुरू केली. तेव्हा त्या रोगाला लोक फार भीत. मनोहरजींच्या आईला ते पसंत नव्हतं. विनोबांनी तिला विचारलं, उद्या हा रोग तुम्हालाच झाला तर मनोहरने काय करावं असं तुम्हाला वाटेल? ती क्षणभर थांबली आणि तिने आशीर्वाद दिला. आपल्या माणसाविषयी वाटतं तेच परक्याविषयी वाटायला लावणारा तो प्रश्न होता.

कोणी म्हणेल, घरच्यांची सेवा म्हणजे ममत्व, राग. त्यात कसली निर्जरा? प्रश्न बरोबर आहे. पण ममत्व घरापाशी थांबलं तर बेडी. ते शेजारच्या दारापर्यंत गेलं, दत्तपूरपर्यंत गेलं, की सैल होत जातं. घर ही शाळा. शाळेतच जन्म काढायचा नाही, पण शाळा चुकवून पुढच्या वर्गातही जाता येत नाही.

आमच्या घरी हे शिक्षण जरा उशिरा झालं. तीन वर्षांपूर्वी माझं उजवं मनगट मोडलं, दीड महिना प्लॅस्टर. हे तेव्हा एकोणसत्तर वर्षांचे. कासूला दुकान चालवण्यात आयुष्य गेलेलं. तांदूळ हातात घेऊन जात ओळखतील, पण त्याचा भात केलेला नव्हता. पहिल्या दिवशी खिचडी खाली लागली. दुसऱ्या दिवशी पाणी जास्त. पाणी गाळणं, उकळणं, सूर्यास्ताच्या आत सगळं आवरणं, यात तारांबळ. पण आठवड्यात हात बसला. सगळ्यात अवघड गेली वेणी. तीन पेड धरता येईनात. मोबाईलवर बघून बघून शिकले. मुलगा पनवेलहून शनिवारी गाडीने यायचा तो हसला, तर हे म्हणाले, "हसतोस काय, इकडे ये, तूही शिकून ठेव." ते ऐकून मला जे वाटलं ते लिहिता येत नाही. एका माणसाच्या अंगी एकोणसत्तराव्या वर्षी नवा गुण आला, आणि त्याच वाक्यात तो पुढच्या पिढीलाही दिला गेला.

आणखी एक हिशेब मांडायला हवा. सासूबाईंना उचलायला, अंघोळ घालायला जवळच्या वाडीवरची एक बाई यायची. स्वतःचं लहान मूल घरी ठेवून यायची. तिचं मूल आजारी पडलं की तिला यायला जमत नसे, आणि त्या दिवशीचे पैसे कापू नयेत असं आम्ही पहिल्याच महिन्यात ठरवलं. आपल्या घरची काळजी बऱ्याचदा दुसऱ्या घरातून उचलून आणलेली असते. तिथे किती उरली हे विचारणं हेही वैयावच्चातच येतं. पगार वेळेवर, आठवड्याची सुट्टी, आणि हाक मारताना नावाने. हे दान नाही, देणं आहे. वहीत ते येणे-देण्याच्या पानावर लिहायचं, धर्मादायाच्या नाही.

शेवटचं, जी करते तिच्याविषयी. आपल्याकडे परदयेबरोबर स्वदयाही सांगितली आहे. तिचा अर्थ आपले लाड करणं असा नाही. आपल्या आत्म्याला कषायांपासून वाचवणं ही स्वदया. आता बघा, जी बाई वर्षानुवर्षं एकटी राबते, रात्री चारदा उठते, जिला कोणी दोन तास सोडवत नाही, तिच्या मनात क्रोध साठणारच. मग ताट जरा जोरात आपटतं, पाणी देताना शब्द निसटतो. शरीराने सेवा आणि मनात धुमसणं, असा दुहेरी भार ती वाहते. अॅरिस्टॉटलने धैर्याबद्दल सांगितलंय की ते भित्रेपणा आणि आंधळं धाडस यांच्या मध्ये असतं. सेवेचाही असा मध्य आहे. एका टोकाला अंग चोरणं, दुसऱ्या टोकाला स्वतःला जाळून घेणं. मधली वाट एकटीने सापडत नाही. दुसरं कोणी हात लावेल तेव्हाच सापडते.

म्हणून या चातुर्मासासाठी माझी एक सूचना आहे. मंडळाच्या फळ्यावर वैयावच्चाचाही एक रकाना असू दे. नाव लावायला नाही, काम वाटून घ्यायला. ज्या घरात आजारी माणूस आहे, तिथे आठवड्यातून एकदा दोघींनी जायचं. एकीने त्या माणसाजवळ बसायचं, दुसरीने स्वयंपाकघर बघायचं, आणि त्या घरच्या बाईला सांगायचं, जा, दार लावून घे, सामायिक कर. अठ्ठेचाळीस मिनिटं कोणी हाक मारणार नाही. आपण दुसरीला मिळवून दिलेल्या त्या सामायिकाची अनुमोदना आपल्यालाही लाभेलच.

आणि घरातल्या पुरुषांना एकेक पच्चक्खाण द्या. मोठं नको. आजोबांची नखं नातवाने कापायची. आजीच्या गोळ्यांचा डबा मुलाने भरायचा. रात्रीची एक पाळी नवऱ्याची. चार महिने रोज. पहिल्या आठवड्यात चुकतील, कंटाळतील, "तूच कर, तुला पटकन जमतं" म्हणतील. तेव्हा आपण हात मागे ठेवायचा. पटकन जमतं म्हणून आपणच करत राहिलो, तर त्यांना तो गुण कधी लागणार? मुलांच्या हातात द्रोण द्यायला हवेत.

तुमच्या मंडळात असं काही सुरू असेल किंवा सुरू करणार असाल तर जरूर कळवा. कोणत्या घरी कोणते दिवस सोयीचे, आजाऱ्याला काय चालतं आणि काय नाही, हे लिहून ठेवायला एक साधी वही पुरते. आमच्या मंडळासाठी मी ती आखायला घेतली आहे.

जय जिनेंद्र.